स्टॉकेलची भिंत आणि गल्लीतलं कपाट

सांगलीतल्या आमच्या गल्लीच्या वाचनालयातलं चित्रकथांचं कपाट काढणार आहेत. तिथं अभ्यासिकेची चार टेबलं बसतील. घरच्या ग्रुपवर दादानं लिहिलं, "बरं झालं. चित्रं बघून कोण कलेक्टर झालंय?" तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

मी ब्रसेल्सला असतो, रोज स्टॉकेल स्थानकावर मेट्रो पकडतो. फलाटालगतच्या भिंतींवर टिनटिनच्या चित्रकथांतली शंभराहून जास्त पात्रं आहेत. त्यांची रेखाटनं टिनटिनचा चित्रकार एर्जे यानं मरणाआधी करून ठेवली होती. खरं नाव जॉर्ज रेमी; आद्याक्षरं उलटी करून फ्रेंचमध्ये म्हटली की एर्जे. १९२९ साली एका वर्तमानपत्राच्या मुलांच्या पुरवणीत त्यानं टिनटिन सुरू केला. स्वच्छ, ठाम रेघ, सावल्या जवळजवळ नाहीत, पण मोटार असो की जहाज, सगळं बारकाईनं काढलेलं. तो १९८३ मध्ये गेला. २००९ पासून त्याच्या नावाचं अख्खं संग्रहालय आहे. हा माणूसही कलेक्टर नव्हता, दादा.

दादानं लगेच विचारलं, "त्यानं काँगोची माणसं कशी काढलीत, पाहिलंस?"

पाहिलंय. माझे शेजारी काँगोचे आहेत, त्यांच्यासमोर टिनटिन काँगोला जातो तो अल्बम, म्हणजे चित्रकथेचं पुस्तक, उघडायची मला लाज वाटेल. युद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या वर्तमानपत्रात तो काम करत राहिला, हेही खरं. पण १९३४ मध्ये चांग चोंगरेन हा चिनी विद्यार्थी भेटला आणि एर्जे बदलला. ऐकीव गोष्टींवर चित्रं काढणं सोडून तो आधी माहिती गोळा करायला लागला. 'ब्लू लोटस' या अल्बममधल्या शांघायच्या पाट्यांवर चांगच्याच हातची चिनी अक्षरं आहेत. इथं हे सगळं माहीत असूनही भिंती पुसल्या नाहीत. आपण मात्र चार टेबलांसाठी कपाट काढतो. खोलीत चौघं-चौघं राहून परीक्षा देणाऱ्या पोरांना जागा हवी, हे मला कळतं. पण कपाटच का?

त्याच कपाटातला इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ वाचत मी सुट्ट्या काढल्या. निघालो तेव्हापासून तिथली वर्गणी भरलेली नाही. दिवाळीला येतो, भडंगाची पाकिटं बांधून परततो. वाचनालयाची पायरी एकदाही चढलो नाही. लेक मात्र दर बुधवारी दुपारी इथल्या कम्यूनच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, लायब्ररीतून पिशवीभर अल्बम आणते.

काल दादाला फोन केला. वेताळ तेवढे बाजूला काढून ठेव म्हटलं. "ठेवतो," म्हणाला, "पण पोरीला मराठी वाचता येतं का?"

येत नाही. मी वाचून दाखवीन, चित्रांवर बोट ठेवून.