‘हिऱ्याहून 58 टक्के कठीण’ हा आकडा आला कुठून?

‘हिरा आता सर्वांत कठीण पदार्थ राहिलेला नाही, वुर्टझाइट बोरॉन नायट्राइड त्याहून 18 टक्के आणि लॉन्सडेलाइट 58 टक्के अधिक कठीण असल्याचे सिद्ध झाले आहे,’ असा मजकूर गेली अनेक वर्षे फिरतो आहे. (वुर्टझाइट बोरॉन नायट्राइड हे बोरॉन आणि नायट्रोजनचे संयुग, तर लॉन्सडेलाइट हा षट्कोनी रचनेचा हिरा.) काठिण्य, म्हणजे स्वतःवर ठसा उमटू न देण्याची क्षमता, हा प्रत्येक पदार्थाचा ठरलेला आकडा असतो आणि सिरॅमिक दाबाखाली आकार बदलत नाही, थेट फुटते, ही दोन विधानेही त्याच्या जोडीने येतात. तिन्ही विधानांत गफलत आहे.

58 टक्क्यांचे मूळ ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकातील 2009 सालच्या एका शोधनिबंधात सापडते. त्याच्या लेखकांनी लॉन्सडेलाइटचा कोणताही नमुना दाबून पाहिला नव्हता. इंडेंटरच्या, म्हणजे काठिण्य मोजताना नमुन्यात दाबल्या जाणाऱ्या टोकदार साधनाच्या, टोकाखाली असतो तसा दाब आणि कातर-ताण (थर एकमेकांवरून सरकवणारा ताण) निर्दोष स्फटिकावर एकदम आला, तर त्यातील अणूंचे बंध कुठवर टिकतील, याचे त्यांनी पुंजयामिकीच्या आधारे गणित मांडले होते. दाबामुळे बंध उलटून अधिक मजबूत रचना तयार होते, हा त्यांचा निष्कर्ष खरोखरच मोलाचा आहे. पण ते आदर्श स्फटिकाचे बळ झाले, प्रयोगशाळेत मोजलेले काठिण्य नव्हे. उल्कापाषाणात सापडणारे लॉन्सडेलाइट अत्यंत सूक्ष्म कणांचे आणि साध्या हिऱ्यात मिसळलेले असल्यामुळे त्याचे स्वतंत्र मोजमाप फार काळ शक्यच नव्हते. 2021 मध्ये अमेरिकेत आघाताने क्षणभर तयार झालेल्या नमुन्यांतून ध्वनिलहरी पाठवून मोजला गेला तो ताठपणा (ताणाखाली तात्पुरता आकार बदलायला होणारा विरोध) होता, आणि ताठपणा म्हणजे काठिण्य नव्हे. 2025 मध्ये चीनमधील संशोधकांनी मिलिमीटर आकाराचे नमुने बनवून त्यांचे काठिण्य प्रसिद्ध केले आहे. ते काम महत्त्वाचे असले तरी 2009 च्या गणिताला ते मागल्या तारखेने मोजमाप ठरवू शकत नाही.

काठिण्याचा आकडा ठरलेला असतो, या दुसऱ्या विधानाकडे अधिक बारकाईने पाहावे लागते. काठिण्य मोजण्याच्या विकर्स चाचणीत समोरासमोरील पृष्ठांमध्ये 136 अंशांचा कोन असलेला हिऱ्याचा चौकोनी पिरॅमिड ठरावीक भाराने नमुन्यात दाबतात, मग उमटलेल्या ठशाचे दोन्ही कर्ण सूक्ष्मदर्शकाखाली मोजून भार आणि कर्णाचा वर्ग यांवरून आकडा काढतात. साधारण 30 गिगापास्कल (दाबाचे एकक) काठिण्याच्या सिरॅमिकवर 1 किलोग्रॅम भार दिला, तर कर्ण जेमतेम 25 मायक्रोमीटर भरतो. तो वाचताना अर्ध्या मायक्रोमीटरची चूक झाली, तर काठिण्यात 4 टक्क्यांचा फरक पडतो; भार 100 ग्रॅमवर आणला की कर्ण 8 मायक्रोमीटरच्या आत येतो आणि तीच चूक जवळपास 13 टक्क्यांवर जाते. चिलखतात वापरल्या जाणाऱ्या बोरॉन कार्बाइड या सिरॅमिकवरील ठशाच्या कोपऱ्यांतून तडे निघालेले असतात, कडेचे टवके उडालेले असतात, त्यामुळे कोपरा नेमका कुठे संपला हे पुष्कळदा मोजणाऱ्याच्या नजरेवर ठरते. त्यातच भार कमी केला की बहुतेक सिरॅमिकांचे काठिण्य जास्त भरते, हा ठशाच्या आकाराचा परिणाम सर्वपरिचित आहे. लांबट ठशाची नूप चाचणी पुन्हा वेगळाच आकडा देते. म्हणून भार आणि इंडेंटरचा प्रकार न सांगता दिलेल्या दोन आकड्यांची टक्केवारीत तुलना करण्याला, माझ्या मते, काडीचाही अर्थ नाही. त्यातून नमुना हिऱ्याच्या तोडीचा असेल, तर दाबणारे टोकही हिऱ्याचेच असते आणि ते स्वतः झिजू वा विकृत होऊ शकते. 2013 मध्ये क्यूबिक बोरॉन नायट्राइडच्या (घनाकृती रचनेच्या बोरॉन नायट्राइडच्या) एका नमुन्यासाठी 100 गिगापास्कलहून अधिक काठिण्याचा दावा झाला, तेव्हा इतर तज्ज्ञांनी त्याच नियतकालिकातून हरकत घेतली होती.

राहिले तिसरे विधान. ओढल्यावर किंवा वाकवल्यावर सिरॅमिक तडकते, हे खरेच आहे. परंतु इंडेंटरखालचा पदार्थ चहूबाजूंनी दाबलेला असल्यामुळे तडे पसरायला वाव राहत नाही आणि तिथे तो कायमचा आकार बदलतो. अन्यथा भार काढल्यावर रेखीव ठसा उरलाच नसता. बोरॉन कार्बाइडच्या ठशातून घेतलेल्या रामन वर्णपटात (विखुरलेल्या लेसर प्रकाशावरून अणुरचना ओळखणाऱ्या आलेखात) मूळ स्फटिकात नसलेली शिखरे दिसतात, कारण तिथली स्फटिकरचना ठिकठिकाणी मोडून अस्फटिक झालेली असते. 2003 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात गोळीच्या आघाताने फुटलेल्या बोरॉन कार्बाइडच्या तुकड्यांमध्येही काही नॅनोमीटर रुंदीचे असेच अस्फटिक पट्टे आढळले, आणि एवढे कठीण चिलखत अतिवेगवान गोळीपुढे अपेक्षेपेक्षा लवकर का हरते, याचा संबंध अभ्यासकांनी या पट्ट्यांशी जोडला.