2 नॅनोमीटरची चिप आणि ‘सध्या काही घेऊ नका’चा मेसेज

बेळगाव-खानापूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘2 नॅनोमीटरची चिप आली. ट्रान्झिस्टर अवघा दहा अणूंचा. मोबाईल दुप्पट पळणार, चार दिवस चार्जिंग नको. मोटारींचे ड्राइव्हही याच चिपवर येणार. सध्या काही घेऊ नका.’ ड्राइव्ह म्हणजे कारखान्यातल्या विजेच्या मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण. शेवटच्या वाक्यापायी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुणाची खरेदी अडू नये, म्हणून लिहितोय.

ट्रान्झिस्टर म्हणजे चिपमधला करंट चालू-बंद करणारा सूक्ष्म स्विच. तो ‘दहा अणूंचा’ हे चूक. 2 नॅनोमीटर हे आता चिप बनवण्याच्या तंत्राच्या पिढीचं नाव झालंय. आयबीएमने मे 2021 मध्ये जाहीर केलेल्या अशा चिपमध्ये गेटचीच, म्हणजे करंट सोडणाऱ्या-अडवणाऱ्या भागाचीच, लांबी 12 नॅनोमीटर होती. खरी करामत रचनेत आहे. आधीच्या ‘फिनफेट’ रचनेत सिलिकॉनची उभी पट्टी असते आणि गेट तिला तीन बाजूंनी धरतो. नव्या रचनेत पातळ थर एकावर एक, मध्ये फट ठेवून रचलेले असतात आणि गेट प्रत्येक थराला चारही बाजूंनी वेढतो. त्यामुळे बंद ट्रान्झिस्टरमधून करंट फारच कमी गळतो. थक्क करणारं काम आहे हे, त्याला खोट्या आकड्याची गरज नाही.

‘दुप्पट वेग, चार दिवस बॅटरी’. चार दिवसांची गोष्ट आयबीएमच्याच पत्रकातली, पण संभाव्य फायदा म्हणून सांगितलेली. तुलना जुन्या 7 नॅनोमीटरशी: 45 टक्के जास्त कामगिरी किंवा 75 टक्के कमी वीज. त्यातला ‘किंवा’ मेसेजमध्ये गायब! 3 नॅनोमीटरवरून 2 वर येताना चिप बनवणारी तैवानी कंपनी टीएसएमसी सांगते ती बचत, वेग तोच ठेवला तर, 25 ते 30 टक्के.

तीही चिपपुरतीच. जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना रेंज गेली की फोन टॉवर शोधत राहतो, लांबचा टॉवर सापडला की जास्त ताकदीने सिग्नल सोडतो. खिशातल्या खिशात बॅटरी उतरते. सिग्नल वाढवणारा तो भाग बहुतेक फोनांत गॅलियम आर्सेनाइड या वेगळ्या पदार्थाचा असतो, त्याला 2 नॅनोमीटरचा काही उपयोग नाही.

आता ड्राइव्ह. इथे मेसेज सरळ नुकसान करतो. थ्री फेजचे 415 व्होल्ट ड्राइव्हमध्ये डीसी झाले की 590 च्या आसपास जातात. 2 नॅनोमीटरचा ट्रान्झिस्टर एका व्होल्टच्याही आत चालतो, तिथे तो क्षणात जळेल. एवढा दाब सोसायला जाडी लागते, म्हणून तिथे आयजीबीटी, म्हणजे जास्त व्होल्ट सोसणारे मोठे ट्रान्झिस्टर, असतात. तिथली सुधारणा सिलिकॉन कार्बाइड या दुसऱ्या पदार्थाकडून येतेय. ते सिलिकॉनच्या सुमारे दहापट विद्युत क्षेत्र सोसतं, त्यामुळे थर पातळ ठेवता येतो आणि उष्णतेत जाणारी वीज कमी होते.

तेव्हा ओतकामाच्या फाउंड्रीतल्या ब्लोअरला (हवा फेकणाऱ्या पंख्याला) ड्राइव्ह बसवायचा असेल तर थांबू नका. वारा थोडा कमी चालत असेल आणि ब्लोअर 80 टक्के वेगाने फिरवता आला, तर आज बाजारात मिळणाऱ्या साध्या ड्राइव्हवरही वीज जवळपास निम्मीच लागते.