मॅडम, यूज काय आहे?

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10चा पाठिंबा काढून घेतला. विंडोज 11 टाकावी, तर तिला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. माझा लॅपटॉप निघाला सातव्या पिढीतला. सात पिढ्या बसून खातील म्हणतात. इथे नेमकी सातवीच उपाशी राहिली.

नवा लॅपटॉप घ्यायचाय, एवढं मी घरात नुसतं म्हटलं, तर जो तो एकच ऐकवायला लागला : "आधी तुझी गरज काय ते ठरव." आता माझी गरज ही काही चारचौघांत सांगण्यासारखी नाही. मी डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीची खजिनदार आहे. (ज्या मीटिंगला मी गेले नव्हते, त्या मीटिंगमध्ये माझी एकमताने निवड झाली.) एक्सेलमध्ये मेंटेनन्सचा हिशेब, 'टाकी धुवायची असल्याने पाणी येणार नाही' छापाच्या नोटिसा आणि जेवणानंतर मालिका. संपली गरज.

"मावशी, ग्राफिक्स कार्ड घेच," भाचा म्हणाला.

"थकबाकी वसूल होते का त्याने?"

"तसं नाही गं, फ्युचर-प्रूफ होतं." त्याच्या गेमिंगच्या लॅपटॉपचा नुसता चार्जर उचलून पाहिला. तो खांद्याला अडकवून डोंबिवली फास्टमध्ये चढायचं म्हणजे शेजारणीच्या पायाचं फ्युचर धोक्यात.

दीर मॅकबुकवाले. "वहिनी, एकदा वापरलात ना, की दुसरं नाव घेणार नाही." ऑडिटर टॅलीची फाइल पाठवतात, ती त्यात थेट उघडेल का, असं विचारल्यावर त्यांनी विषय बदलला आणि जेवायला काय आहे ते विचारलं.

मग मी स्वतःच अभ्यासाला बसले. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी यू असेल तर तो वीज कमी खातो. एच असेल तर ताकद जास्त, पण बॅटरी लवकर मान टाकते. रॅम 16 जीबी असलेली बरी, कारण बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. 512 जीबीचा एसएसडी, म्हणजे साठवणीची जागा, विंडोजमध्ये 476च दिसतो : बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज 1024च्या. यावर सगळे चिडतात म्हणे. मला काहीच वाटलं नाही. 512 हा बिल्ट-अप आणि 476 कार्पेट, डोंबिवलीत घर घेतलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

रविवारी ऊन उतरल्यावर जाऊ म्हणता म्हणता एका शनिवारीच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, संगणकांच्या बाजारात, गेलो. नाव भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलं तर टॅक्सीवाला तुमच्याकडेच रस्ता विचारेल. दुकानातल्या मुलाने विचारलं, "मॅडमचा यूज काय आहे?" विचारलं नवऱ्याला. नवरा तोवर एकेक लॅपटॉप तळहातावर तोलून पाहत होता, कलिंगड घ्यावं तसा.

"हिशेब," मी म्हटलं.

"अच्छा, ऑफिस यूज! मग हा बघा, एआयवाला." त्याने कीबोर्डवरचं एक बटण दाखवलं. कोपायलटचं. उजवीकडचा कंट्रोल काढून तिथे ते बसवलं होतं. हे दाबलं की काहीही विचारा, म्हणे. माझी नजर मात्र त्याच्याही उजवीकडे गेली, आणि तिथे लॅपटॉपच संपलेला होता.

"नंबर पॅड कुठेय? आकड्यांची ती वेगळी पट्टी?"

मुलगा गोंधळला. वजन, बॅटरी, रंग, सगळं पाठ होतं त्याला, पण हा प्रश्न बहुतेक त्याच्या प्रशिक्षणात आलेला नसावा. वरच्या ओळीतून एकेक आकडा शोधत सगळ्या सभासदांची पाणीपट्टी, सिंकिंग फंड आणि पार्किंग भरून बघा, मग कळेल. उजव्या हाताची तीन बोटं त्या पट्टीवर ठेवली, पाचाच्या बटणावरचा बारीकसा उंचवटा मधल्या बोटाला लागला, की मान खाली न घालता पावत्या होतात. माझी गरज म्हणजे तो उंचवटा. पण 14 इंचीत सहसा नंबर पॅड नसतो. 15.6 इंची घ्यावा लागतो, तो जड असतो, आणि जड म्हणून जाहिरातीत त्याला कुणी कडेवर घेत नाही.

असा एक मागच्या खोक्यांतून निघाला. मी त्यावर 'थकबाकीदार' टाइप करून पाहिलं, पाठोपाठ आकडे. उत्तम.

मग 'नो कॉस्ट ईएमआय' आला. व्याज तेवढं डिस्काउंटमध्ये वळतं करतात, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी आपल्याच माथी. हे मी तिथेच कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. नंबर पॅडवर. मुलाने मुकाट्याने एकरकमी बिल केलं.

पुढच्या कमिटी मीटिंगला तो घेऊन गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी चष्मा वर करून विचारलं, "नवा दिसतोय. सोसायटीच्या खर्चात नाही ना टाकलात?" मी माझ्या नावाचं बिल पुढे ठेवलं. त्यांनी ते शांतपणे शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"16 जीबी? मेंटेनन्सच्या बिलांना 8मध्ये भागलं असतं. तुमची गरज नक्की काय आहे, वहिनी?"

काकांची चार महिन्यांची थकबाकी आहे. मी फाइल उघडली.