कॉमोडोर ६४ आणि मिडी: ‘प्रोसेसर पुरत नाही’ या दाव्याचा प्रतिवाद

कॉमोडोर ६४ या १९८२ सालच्या घरगुती संगणकाचा मिडी सिंथेसायझर, म्हणजे मिडी या वाद्ये एकमेकांना जोडण्याच्या पद्धतीने वाजवता येणारे इलेक्ट्रॉनिक वाद्य, करण्याचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो. १ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर मिडीचा वेग पेलू शकत नाही, त्यातून फक्त खेळातला पीं-पीं आवाज निघतो, स्वर जेमतेम तीन मिळतात, आणि एमुलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारी संगणक-प्रणाली) फुकट असताना जुने यंत्र उघडून खराब करण्यात अर्थ नाही, असे त्याचे चार भाग आहेत.

पहिला भाग साध्या हिशेबात टिकत नाही. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट आहे आणि आरंभीचा व अखेरचा बिट धरून एका बाइटला १० बिट लागतात. म्हणजे दर बाइटमागे ३२० मायक्रोसेकंद मिळतात, आणि तेवढ्या वेळात पाल या दूरचित्रवाणी पद्धतीसाठीच्या आवृत्तीचा प्रोसेसर सुमारे ३१५ आवर्तने (घड्याळाचे ठोके) पूर्ण करतो. मिडीसाठी यंत्राला जोडायच्या कार्ट्रिजवरची ६८५० सारखी सीरियल चिप सुटे बिट स्वतः जुळवते आणि पूर्ण बाइट तयार झाल्यावरच प्रोसेसरला हाक देते. तो उचलून रांगेत ठेवण्याचे काम यंत्रभाषेत लिहिले, तर त्याला या आवर्तनांचा लहानसा हिस्साच लागतो. पडद्यावरचे चित्र काढणारी चिप मध्येच प्रोसेसरला चाळीसएक आवर्तने थांबवते, तीही उरलेल्या वेळात सहज सामावतात. हा समज बहुधा बेसिक या संथ भाषेत लिहिलेल्या प्रयोगांतून, किंवा यंत्राच्या रॉममध्ये (कायमस्वरूपी मेमरीत) तयार असलेल्या सीरियल रूटीनवर विसंबल्यामुळे पसरला असावा, कारण ते रूटीन २४०० बॉडच्या, म्हणजे सेकंदाला २४०० बिटांच्या, आसपासच थकते. पण तो दोष वापरलेल्या मार्गाचा आहे, प्रोसेसरचा नव्हे.

विलंब होतो हे मात्र खरे आहे. फक्त त्याचे कारण सिड या ध्वनी-चिपमध्ये आहे. तिच्या एन्व्हलपमधला (स्वराचा आवाज कसा चढतो-उतरतो हे ठरवणाऱ्या भागातला) १५ बिटांचा गणक काही विशिष्ट क्षणी नव्या मूल्याच्या पुढे निघून गेलेला असतो, आणि मग पूर्ण फेरी मारून येईपर्यंत स्वर उमटतच नाही. ती फेरी ३२,७६८ आवर्तनांची, म्हणजे सुमारे ३३ मिलिसेकंदांची असते, आणि एवढा उशीर वाजवणाऱ्याच्या बोटांना जाणवतो. खेळांचे संगीतकार पुढचा स्वर येण्याच्या थोडे आधी एन्व्हलप शून्यावर आणून ही अडचण टाळत असत. त्यांना पुढचा स्वर आधीच ठाऊक असे. थेट वादनात तो ठाऊक नसतो, म्हणून ही युक्ती तशीच्या तशी चालत नाही. टीका करायचीच असेल, तर ती इथे करावी.

‘पीं-पीं’चा आरोप झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के या संगणकाच्या एक बिटाच्या बीपरला कदाचित शोभेल. सिडचे रचनाकार बॉब यानेस यांनी मुळातच सिंथेसायझर डोळ्यांसमोर ठेवला होता, आणि पुढे ते एन्सॉनिक या वाद्यकंपनीचे सहसंस्थापक झाले. तीन ऑसिलेटर (ध्वनिलहरी निर्माण करणारे भाग), प्रत्येकाला स्वतंत्र एन्व्हलप, रिंग मॉड्युलेशन (दोन लहरींच्या मिश्रणातून नवा आवाज) आणि अ‍ॅनालॉग फिल्टर ही सामग्री खेळण्याची म्हणता येत नाही. कंप्रतेचे रजिस्टर १६ बिटांचे असल्याने एक पायरी सुमारे ०.०६ हर्ट्‌झची पडते. हार्मोनियमवर न निघणारी मींड या चिपवर निघते.

तीन स्वरांची मर्यादा मान्य आहे, पण मिनीमूग हा गाजलेला सिंथेसायझर एकाच स्वराचा होता आणि त्याला कुणी अपुरे वाद्य म्हटले नाही. शिवाय एलेक्ट्रॉन या वाद्यकंपनीने १९९९ साली एकाच सिड चिपवर सिडस्टेशन हे मिडी वाद्य बाजारात आणले होते. खरी उणीव वेगळीच आहे: प्रत्येक स्वराला स्वतंत्र आवाजपातळी नाही, त्यामुळे पट्टी जोरात किंवा हलके दाबल्याचा फरक एन्व्हलपच्या सस्टेन पातळीतून (पट्टी दाबून ठेवल्यावर टिकणाऱ्या आवाजातून) कसाबसा साधावा लागतो.

यंत्र उघडण्याची भीती निराधार आहे. मिडी कार्ट्रिज मागच्या पोर्टमध्ये बसते, डाग देण्याची गरज पडत नाही. एमुलेटर आज उत्तम आहेत आणि ध्वनिमुद्रणासाठी ते वापरण्यास माझी हरकत नाही. मात्र ६५८१ या जुन्या सिडचा फिल्टर चिपगणिक बदलतो, त्यामुळे एमुलेटरमध्ये नक्कल होते ती फार तर एखाद्या विशिष्ट चिपची. धोका असलाच तर तो जुन्या पॉवर सप्लायचा आहे: त्यातला रेग्युलेटर बिघडला की ५ व्होल्टची पातळी वर चढते आणि मेमरी चिपा जळतात. म्हणून कार्ट्रिजच्या आधी नवा पॉवर सप्लाय घ्यावा.