युआनमिंगयुआनचे दगड

बीजिंगला जाणारा प्रत्येक जण निषिद्ध नगरी बघतोच. पण एक अख्खा दिवस युआनमिंगयुआनसाठी, म्हणजे चिनी सम्राटांच्या जुन्या उन्हाळी राजवाड्यासाठी, राखून ठेवा, ही माझी कळकळीची विनंती आहे. मेट्रोच्या ४ नंबरच्या लाइनवर त्याच नावाचं स्टेशन आहे.

आत गेल्यावर राजवाडा असा दिसतच नाही. जवळपास साडेतीनशे हेक्टरांची बाग, तळ्यामागून तळी, कमळं. कांग्शी सम्राटाने १७०७ मध्ये चौथ्या मुलासाठी ती वसवायला घेतली, पुढे नातू च्यानलोंगने वाढवली. महाल बहुतेक लाकडाचे, ते जळून गेले. उरलेत ते युरोपीय धाटणीच्या वाड्यांचे पांढरे दगड. एका आडव्या पडलेल्या दगडापाशी मी बराच वेळ बसून होते. त्यावरची वेलबुट्टी अजून ठसठशीत आहे, आणि कोरलेल्या पाकळीत आदल्या रात्रीच्या पावसाचं पाणी साचलं होतं. शेजारी एक आजोबा नातवाला काहीतरी समजावत होते. मला त्यातलं '१८६०' एवढंच कळलं.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, चीनशी चाललेल्या दुसऱ्या अफू युद्धात, ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी ही बाग लुटली. वाटाघाटीला गेलेल्या त्यांच्या माणसांना चिनी दरबाराने कैद करून छळलं होतं, त्यात काही जण मेले. मेलेल्यांत आपले शीख स्वारही होते. त्याचा सूड म्हणून १८ तारखेला ब्रिटिश वकील लॉर्ड एल्गिनच्या हुकमाने आग लावली गेली.

हे अवशेष हटवून पुन्हा चकचकीत महाल उभारावेत असं म्हणणारे लोक आहेत. माझा त्याला ठाम विरोध आहे. तो पाकळीतला पाण्याचा थेंब जे सांगतो, ते नवीन रंगवलेला खांब सांगणार नाही.

आणि हे फक्त चीनचं दुखणं आहे, असं मला तिथे एक क्षणही वाटलं नाही. त्या फौजेत हिंदुस्थानी पलटणी होत्या. ज्या अफूपायी हा सगळा झगडा पेटला, ती बंगाल-बिहारची आणि माळव्याची. माळव्याची अफू आपल्या मुंबई बंदरातून जहाजांवर चढायची, आणि त्या पैशावर मुंबईतल्या कितीतरी पेढ्या गब्बर झाल्या. शाळेत हे कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. मुलांना सांगायला हवं, आपल्या बंदराच्या नावानिशी.

हाच एल्गिन १८६२ मध्ये आपला व्हाइसरॉय झाला आणि पुढच्याच वर्षी धरमशालेत वारला. तिथल्या चर्चच्या आवारात त्याचं थडगं आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही तिथे गेलो होतो, देवदारांच्या सावलीत त्या थडग्यापुढे घरच्यांचे फोटोही काढले. नाव वाचलं होतं. हा माणूस कोण, ते कुणीच विचारलं नाही.