'ड्रुम्फ'चे 'ट्रम्प' कोणी केलेच नाही

डोनाल्ड ट्रम्प यांचे नाव बातम्यांत गाजू लागले की एक मजकूर हमखास पुन्हा फिरू लागतो. ट्रम्प घराण्याचे खरे आडनाव 'ड्रुम्फ' होते, आजोबा जर्मनीहून अमेरिकेत आले तेव्हा एलिस आयलंडवर ते बदलले गेले, जर्मन मूळ झाकावे हाच त्यामागचा हेतू होता आणि म्हणून आजचे आडनाव बनावट आहे, असा त्याचा एकूण सूर असतो. हा दावा जगभर पसरला तो फेब्रुवारी २०१६ मध्ये, जॉन ऑलिव्हर यांच्या अमेरिकेतील दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे. त्या कार्यक्रमात आडनाव एका पूर्वजाने बदलले एवढेच म्हटले होते. पण मजकूर एका हातातून दुसऱ्या हातात जाता जाता 'पूर्वजा'चे 'आजोबा' झाले आणि त्यांच्यामागे एलिस आयलंडही येऊन चिकटले. ट्रम्प यांच्या राजकारणाविषयी ज्याचे त्याचे मत असो. एखाद्या स्थलांतरित कुटुंबाच्या आडनावाचा माग कागदपत्रांवरून काढता येतो, आणि त्या कसोटीवर यातले एकही विधान टिकत नाही.

एलिस आयलंडचा मुद्दा सर्वांत लवकर निकालात निघतो. न्यूयॉर्कच्या बंदरातील हे तपासणी केंद्र १ जानेवारी १८९२ रोजी सुरू झाले, तर डोनाल्ड यांचे आजोबा फ्रीडरिश ट्रम्प सोळाव्या वर्षी, १९ ऑक्टोबर १८८५ रोजी, ब्रेमेनहून 'आयडर' या आगबोटीने न्यूयॉर्कला पोहोचले आणि त्या वेळच्या कॅसल गार्डन या केंद्रात उतरले. जे केंद्र अजून उभेच राहिले नव्हते तिथे त्यांचे आडनाव बदलले जाणे शक्य नाही. ही चूक केवळ याच घराण्याबाबत होते असेही नाही. १८८१ ते १८९० या एका दशकात सुमारे साडेचौदा लाख जर्मन अमेरिकेत आले आणि जर्मन स्थलांतराची सर्वांत मोठी लाट एलिस आयलंड सुरू होण्यापूर्वीच ओसरू लागली होती. तरीही आडनावाचा उच्चार किंवा स्पेलिंग बदललेले दिसले की हजारो जर्मन-अमेरिकन कुटुंबांत त्याचे खापर याच बेटावरच्या कोणा कारकुनावर फोडले जाते.

मग कॅसल गार्डनच्या कारकुनाने तरी ते बदलले का? यासाठी प्रवासी याद्या कशा तयार होत हे समजून घ्यायला हवे. प्रवाशाचे नाव प्रथम लिहून घेतले जाई ते जहाज सुटण्यापूर्वी, जहाज कंपनीच्या माणसांकडून, आणि ब्रेमेन किंवा हॅम्बुर्गमध्ये ही माणसे अर्थातच जर्मन जाणणारी असत. न्यूयॉर्कला पोहोचल्यावर तीच यादी अधिकाऱ्यांच्या हवाली केली जाई. समोरच्या माणसाला नवे नाव देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. यादीतला माणूस तो हाच, एवढी खातरजमा करणे हे त्यांचे काम होते. पुढे एलिस आयलंडवरही हीच रीत राहिली आणि तिथे तर दुभाषे नेमलेले असत. न्यूयॉर्कचे नंतरचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी तरुणपणी तिथे दुभाष्याचेच काम केले होते. ब्रेमेनमध्ये ठेवलेल्या त्या काळच्या याद्या पुढे नष्ट झाल्या, त्यामुळे आज हाती येते ती न्यूयॉर्कला दिलेली प्रत. तिच्यात या मुलाचे नाव 'फ्रीडर. ट्रुम्फ' असे आहे आणि व्यवसायाच्या रकान्यात 'काही नाही' अशी नोंद आहे. ज्या कागदावर 'ड्रुम्फ' सापडावे असा मजकुराचा दावा, त्या कागदावरच ते नाही. जे 'फ' आहे ते लिहिणाऱ्याने प्रमाण जर्मन वळणाने घातलेले असणार, कारण पुढे स्वतः फ्रीडरिश आपले आडनाव 'ट्रम्प' असेच लिहीत राहिले. जर्मनीत परत स्थायिक होऊ पाहणाऱ्या फ्रीडरिश यांना, लष्करी सेवा चुकवून देश सोडल्याच्या कारणावरून, बव्हेरियाच्या सरकारने निघून जाण्याचा हुकूम दिला होता. तो मागे घ्यावा म्हणून १९०५ मध्ये राजप्रतिनिधी लुइटपोल्ड यांच्याकडे त्यांनी जो विनंती-अर्ज पाठवला, त्याखालीही हेच आडनाव आहे. अमेरिकेत बदलले ते त्यांचे पहिले नाव: फ्रीडरिशचे फ्रेडरिक झाले.

आता मूळ प्रश्न, म्हणजे 'खरे' आडनाव कोणते. मजकुराचा आधार शोधत गेले की आपण ग्वेंडा ब्लेअर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या घराण्याच्या चरित्रापाशी पोहोचतो. त्यात हान्स ड्रुम्फ नावाचा वकील १६०८ मध्ये काल्श्टाट या गावी स्थायिक झाल्याचे आणि तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात वंशजांचे आडनाव 'ट्रम्प' झाल्याचे म्हटले आहे. ते युद्ध १६४८ मध्ये संपले. म्हणजे दाव्याचा मूळ आधारच बदलाचा काळ फ्रीडरिश यांच्या जन्माच्या दोनशे वर्षे मागे नेऊन ठेवतो, आणि ही गोष्ट फिरत्या मजकुरात कधीच सांगितली जात नाही.

माझ्या मते तर 'बदल' हा शब्दही इथे दिशाभूल करणारा आहे. काल्श्टाटच्या जुन्या दप्तरात हे आडनाव ड्रुम्ब, ट्रोम्ब, ट्रोम्प, ट्रुम, ट्रुम्फ, ड्रोम्ब अशा कितीतरी रूपांत सापडते. हे गाव ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेला, फाल्ट्स प्रदेशात आहे आणि तिथल्या बोलीची दोन वैशिष्ट्ये या यादीचा उलगडा करतात. पहिले असे की प्रमाण जर्मनमध्ये जिथे 'प्फ' येतो, तिथे या बोलीत नुसता 'प' राहतो. सफरचंदाला प्रमाण जर्मन 'आप्फेल' म्हणते, फाल्ट्समधले लोक 'आपेल' म्हणतात. दुसरे असे की कठोर आणि मृदू व्यंजनांतला भेद तिथे पुसट होतो, त्यामुळे 'टिश', म्हणजे टेबल, हा शब्द 'डिश' असा ऐकू येतो. अशा बोलीत उच्चारलेले एकच आडनाव बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत उतरवताना एका पाद्र्याने 'ड' लिहिला, दुसऱ्याने 'ट', तिसऱ्याने शिकलेल्या भाषेचा मान राखत शेवटी 'फ' जोडला. पाद्री बदलला की अक्षरे बदलत. कुटुंब मात्र आपल्याला पूर्वीसारखीच हाक मारत होते. त्या काळी आडनावाचे एकच शुद्ध रूप असावे ही अपेक्षाच नव्हती, म्हणून या रूपांपैकी एक उचलून त्याला 'खरे' आणि बाकीच्यांना 'खोटे' ठरवणे म्हणजे आजची सरकारी शिस्त तीन-चारशे वर्षे मागे लादणे होय.

ती शिस्त आली केव्हा, हेही सांगता येते. ऱ्हाइनच्या पश्चिमेचा हा प्रदेश फ्रेंच अंमलाखाली गेल्यावर १७९८ पासून तिथे जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली, तर संपूर्ण जर्मन साम्राज्यात ती १८७६ पासून सक्तीची झाली. सरकारी नोंदीमुळे आडनावाचे लेखन हळूहळू स्थिरावत गेले. १४ मार्च १८६९ रोजी फ्रीडरिश जन्मले तेव्हा त्या गावात अशी नोंद सुरू होऊन दोन पिढ्या उलटल्या होत्या आणि जन्मापासूनच त्यांचे आडनाव 'ट्रम्प' होते.

राहिला जर्मन मूळ झाकण्याचा आरोप. त्या हेतूने आडनाव खरोखर बदलले जाते तेव्हा त्याची तारीख सापडते. भारताचे अखेरचे व्हाइसरॉय लुई माउंटबॅटन हे जन्माने 'बॅटनबर्ग'. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जर्मनविरोधी भावना टोकाला गेल्यावर त्यांच्या कुटुंबाने जुलै १९१७ मध्ये आडनावाचे उघडपणे इंग्रजीकरण केले, आणि त्याच महिन्यात ब्रिटिश राजघराण्यानेही जर्मन नाव टाकून 'विंडसर' हे नाव घेतले. ट्रम्प कुटुंबाने असे काहीही केले नाही. त्यांनी बदलली ती मूळ गावाची कथा. फ्रीडरिश यांचे पुत्र फ्रेड ट्रम्प, न्यूयॉर्कमधील बांधकाम व्यावसायिक, आपण स्वीडिश वंशाचे असल्याचे अनेक वर्षे सांगत राहिले. त्यांच्या भाडेकरूंत ज्यू मोठ्या संख्येने होते आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन म्हणवणे धंद्याला परवडणारे नव्हते, असे स्पष्टीकरण पुढे एका नातेवाइकाने दिले. डोनाल्ड यांच्या १९८७ सालच्या आत्मचरित्रातही आजोबा स्वीडनहून आल्याचे छापले गेले. आरोप करायचाच असेल तर तो याविषयी करता येतो, कारण हे असत्य छापील आहे आणि ते तपासायला फार दूर जावे लागत नाही: फ्रेड यांच्या आई एलिझाबेथ १९६६ पर्यंत हयात होत्या, कुटुंबाचा धंदा सुरुवातीला त्यांच्याच नावाने चालत असे आणि त्यांचे माहेरही काल्श्टाटच होते.