‘टॅकोमीटर आणि टेंपरेचर पुरे’ या सल्ल्याचा प्रतिवाद: वेगवान बोटीवर आधी कोणती गेज बसवावीत?

वेगवान मोटारबोटींच्या मालकांमध्ये सध्या एक सल्ला सर्रास फिरतो आहे, आणि तो इतक्या ठामपणे दिला जातो की नवा मालक त्यावर शंका घेत नाही. सल्ला थोडक्यात असा: आजच्या इंजिनात संगणक असतो, काही बिघडले तर तो अलार्म वाजवतो आणि वेळ आली तर इंजिनाची ताकद आपणहून कमी करतो, त्यामुळे डॅशवर टॅकोमीटर (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, म्हणजे आरपीएम, दाखवणारी तबकडी), स्पीडोमीटर आणि फार तर पाण्याच्या तापमानाचे एक गेज असले की भागते, बाकी सगळी शोभा. या सल्ल्याला तीन पुस्त्याही जोडल्या जातात. स्क्रीनवर सगळे आकडे दिसतातच, भरवेगात गेजकडे पाहायला सवड नसते, आणि जितकी गेज वाढवाल तितक्या गळतीच्या नि बिघाडाच्या जागा वाढतात.

कारखान्यातून आली तशीच, तलावात कुटुंबासह फिरायला वापरली जाणारी बोट असेल, तर हा सल्ला फारसा घातक नाही. पण तो ज्यांना दिला जातो ते मालक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगलेली) मोटार जॅक प्लेटवर, म्हणजे तिची उंची बदलणाऱ्या आधारावर, उंच उचलतात, प्रॉपेलर बदलतात, व्ही-आठ (आठ सिलिंडरच्या) इंजिनावर जादा हवा आत कोंबणारा सुपरचार्जर चढवतात आणि फुल थ्रॉटलवर मैलोन्‌मैल धावतात. कारखान्याने सुरक्षिततेसाठी राखलेली वाव या माणसांनी आधीच वापरून टाकलेली असते. त्यांच्यासाठी हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्याची किंमत एका इंजिनाइतकी असू शकते.

पहिला मुद्दा अलार्मचा. अलार्म हा किमान मर्यादेचा पहारेकरी आहे, आणि ती मर्यादा कुठे आखली आहे हे पाहिल्याशिवाय त्याच्यावर विसंबणे बरोबर नाही. जुन्या पद्धतीच्या व्ही-आठ मरीन इंजिनांवर ऑइल प्रेशरचा अलार्म एका साध्या स्विचवर चालतो, आणि तो स्विच दाब एक-अंकी पीएसआयवर (पौंड प्रति चौरस इंच) उतरला तरच बोलतो. मेकॅनिकांचा ढोबळ हिशेब असा की दर हजार आरपीएमला सुमारे १० पीएसआय दाब हवा, म्हणजे ५००० आरपीएमला ५० च्या आसपास. आता बोट भरवेगात कडक वळण घेते किंवा लाटेवरून उडून आपटते, तेव्हा संपमधले, म्हणजे इंजिनाच्या तळच्या भांड्यातले, ऑइल एका बाजूला लोटले जाते, ते ओढून घेणारी पिकअपची नळी क्षणभर उघडी पडते, आणि काटा ५० वरून २० वर येऊन पुन्हा वर जातो. स्विचच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. बेअरिंगच्या दृष्टीने मात्र त्या क्षणी ऑइलचा थर पातळ झालेला असतो, आणि हे प्रत्येक वळणावर घडत राहिले तर इंजिन खोलायची वेळ येते. काही नव्या इंजिनांत संगणक आरपीएमनुसार दाबाचा ताळा ठेवतो, ही सुधारणा खरी आहे; तरीही कोणत्या वळणावर दाब किती पडतो हे चालवणाऱ्याला गेजच सांगते, आणि ते कळले तरच तो ऑइलची पातळी, संपमधले अडसर किंवा आपली वळण घेण्याची पद्धत तपासतो.

दुसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात केवळ निष्काळजीपणा नाही, समजुतीतच घोळ आहे. ‘एकच गेज वाढवायचे तर पाण्याचे तापमान’ असे म्हटले जाते. मोटारगाडीला हे लागू पडते, कारण तिथे तेच पाणी रेडिएटरमधून फिरत असते. बोटीचे इंजिन बाहेरचे पाणी रबरी इंपेलरने (पंपाच्या फिरत्या पात्यांनी) ओढून घेते आणि वापरून बाहेर टाकते. म्हणून बोटीत पहिला प्रश्न ‘पाणी किती गरम’ हा नसून ‘पाणी येते आहे का’ हा आहे, आणि त्याचे उत्तर वॉटर प्रेशर गेज देते. इनटेकवर, म्हणजे पाणी आत घेणाऱ्या भोकांवर, प्लास्टिकची पिशवी बसली की दाब तत्काळ कोसळतो. तापमान त्यानंतर चढू लागते, आणि अलार्मची पाळी त्याहूनही उशिरा येते. इंपेलर कोरडा फिरला तर तो फार वेळ तग धरत नाही, त्यामुळे हा मधला अवधी फार मोलाचा असतो.

याहून वाईट म्हणजे पाणी संपल्यावर तापमानाचे गेज खोटेही बोलू शकते. ज्या इंजिनांत सेंडर (गेजला माप कळवणारा सेन्सर) पाण्याच्या वाटेत बसवलेला असतो, तिथे पाणी निघून गेले की तो हवेत किंवा वाफेत लोंबकळतो आणि धातू किती तापला आहे हे त्याला नीट कळत नाही. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये कूलंट आणि बाहेरचे पाणी त्या कूलंटला थंड करणाऱ्या हीट एक्स्चेंजरपुरते, अशी बंद कूलिंगची व्यवस्था असेल, तर फसगत आणखी सोपी होते. बाहेरचे पाणी थांबले तरी ब्लॉकमधला कूलंट फिरत राहतो आणि काही वेळ काटा जागचा हलत नाही. तेवढ्यात ज्या एक्झॉस्टच्या रबरी नळ्या त्याच बाहेरच्या पाण्याने थंड राहतात त्या जळायला लागतात.

जॅक प्लेटची गोष्ट वेगळी सांगायला हवी. मोटार जितकी उंच, तितका पाण्याचा अडथळा कमी आणि वेग जास्त. पण गिअरकेसच्या (मोटारीच्या पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागाच्या) बाजूला असलेली इनटेकची भोके एका उंचीनंतर पाण्याबाहेर डोकावू लागतात. मोटार किती उचलायची याचा निर्णय अनुभवी माणूस वॉटर प्रेशरच्या काट्याकडे पाहून घेतो: थोडी उचलायची, धाव घ्यायची, दाब टिकला तर आणखी थोडी. दाब डळमळू लागला की तिथून खाली यायचे, किंवा नाकाशी खालून पाणी घेणारे गिअरकेस बसवायचे. हे काम तापमानाचे गेज करू शकत नाही, कारण ते बोलेपर्यंत धाव संपलेली असते. उलट टोकाचा धोकाही आहे. फार वेगवान बोटीत पाणी वेगामुळेच आत रेटले जाते, आणि जिथे दाब मोकळा करणारा व्हॉल्व्ह नाही तिथे तो इतका चढतो की गॅस्केटवर ताण येतो. तापमानाच्या गेजवर हे ‘इंजिन छान थंड आहे’ असेच दिसेल.

मुंबई बंदराच्या गढूळ, प्लास्टिकने भरलेल्या पाण्यात किंवा तारकर्लीजवळच्या वाळूच्या उथळ पट्ट्यांवर आउटबोर्ड चालवणाऱ्यांना तर हे गेज पहिल्या दिवसापासून हवे. वाळूने इंपेलर हळूहळू झिजतो. थर्मोस्टॅट आपल्या परीने उघडझाप करून तापमान सांभाळून घेतो, म्हणून तो काटा महिनोन्‌महिने जागच्या जागी राहतो. त्याच आरपीएमला पूर्वी जितका दाब यायचा तितका आता येत नाही, हे मात्र प्रेशर गेजवर उघड दिसते. एक गोष्ट लक्षात ठेवावी: आउटबोर्ड तापून थर्मोस्टॅट उघडला की दाब थोडा उतरतो, ते स्वाभाविक आहे. म्हणून गरम इंजिनावर, ठरावीक आरपीएमला येणारा आकडा टिपून ठेवावा आणि पुढच्या वेळी त्याच्याशी ताळा करावा.

‘संगणक सगळे पाहतो’ या समजुतीचा आणखी एक तोटा इंधनाच्या बाबतीत दिसतो. मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या पुष्कळ व्ही-आठ इंजिनांत इंधनाचा दाब सुमारे ४३ पीएसआय असतो. तो तितकाच आहे असे गृहीत धरून संगणक इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. अनेक इंजिनांत संगणक तो दाब मोजतच नाही. फिल्टर चोंदला, टाकीवरचा अँटी-सायफन व्हॉल्व्ह (टाकीतले इंधन आपोआप वाहून जाऊ न देणारा) अडला किंवा पंप थकला, तर फुल थ्रॉटलवर दाब पडतो, मिश्रण पातळ होते (हवेच्या मानाने इंधन कमी पडते), आणि पिस्टन वितळण्याची सुरुवात नेमकी याच स्थितीत होते. अमेरिकेत २०१० च्या मॉडेलवर्षापासून पेट्रोलच्या नेहमीच्या स्टर्नड्राइव्ह आणि इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसणाऱ्या, इंजिनांना धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले व त्याबरोबर एक्झॉस्टवरून मिश्रण ओळखणारे ऑक्सिजन सेन्सरही आले; पण ३७३ किलोवॅटच्या, म्हणजे सुमारे ५०० अश्वशक्तीच्या वरची हाय-परफॉर्मन्स इंजिने वेगळ्या नियमांत बसतात, आणि जुन्या इंजिनांवर असे सेन्सर नाहीतच. ज्या इंजिनावर सर्वाधिक ताण पडतो, त्यालाच मिश्रण पातळ झाल्याचे कळवणारे कुणी नाही, अशी ही स्थिती आहे. सुपरचार्जर असेल तर फ्युएल प्रेशर (इंधनाचा दाब) आणि बूस्ट (सुपरचार्जरने दिलेला हवेचा दाब) ही दोन गेज शेजारीशेजारी असावीत, कारण एक चढत असताना दुसरे पडले तर तो थ्रॉटल सोडण्याचा क्षण असतो.

फ्युएल प्रेशरचे गेज बसवताना एक पथ्य मी आग्रहाने सांगेन. पेट्रोलची नळी डॅशपर्यंत नेऊन यांत्रिक गेज कधीही जोडू नये. सेंडर इंजिनाजवळ ठेवून वर फक्त वायर न्यावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साठते, आणि अमेरिकी कोस्ट गार्डच्या नियमांनुसार पेट्रोल इनबोर्डच्या कप्प्यातले विद्युत भाग वाफ पेटवणार नाहीत असेच असावे लागतात.

स्क्रीनच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण अर्धे. एनएमईए २००० या, बोटीवरची उपकरणे जोडणाऱ्या, जाळ्यावरून आरपीएम सेकंदाला दहा वेळा येतो, तर ऑइलचा दाब, तापमान, व्होल्टेज, इंधनाचा व पाण्याचा दाब हे सगळे ज्या संदेशात असतात तो साधारण अर्ध्या सेकंदाने एकदा येतो. ताशी ७० मैलांच्या वेगाने बोट तेवढ्यात सुमारे १५ मीटर पुढे गेलेली असते. हा उशीर एक वेळ चालेल. खरी अडचण अशी की संदेशात पाण्याच्या किंवा इंधनाच्या दाबासाठी जागा असली, तरी इंजिनावर तो सेन्सरच नसेल तर स्क्रीनवर रेघा दिसतात. ‘स्क्रीनवर सगळे दिसते’ म्हणणाऱ्याने आपल्या स्क्रीनवरचे हे दोन रकाने एकदा उघडून पाहावेत. आकडे येत असतील तर वेगळे गेज न घेता स्क्रीन वापरायला माझा मुळीच विरोध नाही. फक्त ते आकडे तिसऱ्या पानावर दडलेले नसावेत.

भरवेगात पाहायला सवड नसते, हे म्हणणे गेज नको याचे कारण ठरत नाही. ती नीट मांडायला हवीत याचे कारण ठरते. ऑफशोअर शर्यतींच्या बोटीत एक जण सुकाणू धरतो आणि दुसरा थ्रॉटल सांभाळतो, आणि गेजवर नजर ठेवणे हे त्या दुसऱ्याचे काम असते. एकट्याने चालवणाऱ्यासाठी शर्यतीच्या जगातलीच एक जुनी युक्ती आहे: प्रत्येक गेज डॅशवर असे फिरवून बसवायचे की इंजिन नेहमीच्या स्थितीत धावताना सगळे काटे सरळ वर, बाराच्या दिशेला येतील. मग आकडा वाचावा लागत नाही. एखादा काटा तिरका झाला की तो डोळ्याच्या कडेलाही जाणवतो.

राहिला बिघाडाचा मुद्दा. तो खरा आहे, आणि म्हणूनच सरसकट गेज भरू नयेत असे मीही म्हणतो. एक्झॉस्टमध्ये पाणी मिसळते अशा इंजिनावर ऑक्सिजन सेन्सर कोरड्या भागात बसवता आला नाही तर तो लवकर मरतो, तेव्हा मिश्रणाचे गेज जाणकाराशिवाय घेऊ नये. अॅमीटर नको, व्होल्टमीटर पुरे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की झाले. मोठ्या व्ही-आठला ऑइल टेंपरेचर मात्र हवेच, कारण थंड पाण्यावर चालणाऱ्या इंजिनात पाणी तापले तरी ऑइल थंडच असते, आणि ते साधारण ७० अंश सेल्सियस होण्याआधी थ्रॉटल पूर्ण ढकलणे इंजिनाला सोसत नाही.

बसवल्यावर जे बिघाड दिसतात त्यांतले बरेचसे जोडणीचे असतात. अमेरिकी सेंडर बहुधा २४० ते ३३ ओहम विद्युत रोधाचे आणि युरोपीय १० ते १८० ओहमचे. एकाचे गेज दुसऱ्याच्या सेंडरला लावले तर काटा उलटा किंवा भलतीकडे चालतो आणि मालक इंजिनाला दोष देतो. ऑइल प्रेशरचा जड सेंडर पितळी टी-जोडावर थेट ब्लॉकला लटकवला तर कंपनाने जोड तडकतो, म्हणून तो लवचीक नळी घेऊन बाजूच्या भक्कम आधारावर बसवावा, आणि त्यासाठी अलार्मचा मूळ स्विच काढून टाकू नये. आउटबोर्डच्या वॉटर प्रेशर गेजची बारीक नळी वाळू नि मिठाने तुंबते, तेव्हा अधूनमधून ती गेजच्या टोकाशी सोडवून हवेने फुंकून घ्यावी. बर्फ पडणाऱ्या प्रदेशात हिवाळ्यापूर्वी ती रिकामी करावी, नाहीतर आतले पाणी गोठून नळी किंवा गेजच फुटते.

आउटबोर्डवाल्याने पहिला खर्च वॉटर प्रेशरवर करावा. व्ही-आठवाल्याने ऑइल प्रेशर आधीपासून आहे का आणि ते विश्वासार्ह आहे का ते तपासून वॉटर प्रेशर घ्यावे, त्यानंतर फ्युएल प्रेशर, मग ऑइल टेंपरेचर. पाण्याच्या तापमानाचे गेज बहुतेक बोटींवर असतेच. ते राहू द्यावे, फक्त पहिली सूचना त्याच्याकडून येईल अशी अपेक्षा ठेवू नये.